पॉवर स्टीअरिंगचा प्रेशर पाइप: रॅककडचा नट जाम, घरीच काढतोय, मदत हवी

धायरीकर_८४
मंडळी नमस्कार. गाडी जुनी सात सीटर डिझेल, हायड्रोलिक पॉवर स्टीअरिंगवाली. कंपनी-मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये कारण मग इथं पहिले दहा प्रतिसाद "ती गाडी घ्यायला सांगितली कोणी होती" असे येतात आणि नट राहतो बाजूला.

तर पंपाकडून रॅककडे (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवतो तो भाग) जाणारा जो हाय प्रेशर पाइप असतो त्याच्या रबर आणि स्टीलच्या जोडातून, म्हणजे जिथं दाबून क्रिम्प केलेलं असतं तिथून, तेल झिरपतंय. आधी फक्त ओलसर होतं, आता पार्किंगमध्ये डाग पडतोय आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्या डागाचे फोटो फिरतायत. नवीन पाइप आणून ठेवलाय. पंपाकडची बाजू बॅन्जो बोल्टची (आतून तेल जातं तो पोकळ बोल्ट) होती, ती सुटली पटकन. रॅककडे फ्लेअर नट (नळीचं पसरट तोंड, म्हणजे फ्लेअर, दाबून धरणारा) आहे १७ चा, तो काही केल्या हलत नाही. त्यात पूर्वी कधीतरी कोणीतरी साध्या फिक्स पान्याने त्याचे कोपरे मारून ठेवलेत, त्यामुळे माझाही पाना चढतो आणि जोर लावला की सरकतो. एका गॅरेजला विचारलं तर म्हणे रॅक सकट खाली घ्यावा लागेल, आणि रॅक खाली घेतला की मग "साहेब रॅकच बदलून टाका" हे पुढचं वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय.

गाडी पुढून उचलून घोडीवर ठेवलीये, ड्रायव्हरकडचं चाक काढलंय, खालचं प्लॅस्टिक काढलंय. जवळ आहे: रिंग पाने, फिक्स पाने, गोटीचा (सॉकेटचा) सेट, डब्ल्यूडी-४०, हॅकसॉ, हातोडी. काय करू?

वारज्याचा_विन्या
डब्ल्यूडी मार आणि रात्रभर सोड. सकाळी परत मार. दुपारी परत मार. संध्याकाळी सुटेल. नाही सुटला तर परत मार :)

भोसरीचे_काका
विन्या, अरे डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण ते १९५३ साली मुळात पाणी हटवायला आणि गंज धरू नये म्हणून बनवलेलं. गंजलेल्या आट्यात खोल शिरणं हे त्याचं मुख्य काम नाही. त्यापेक्षा खास रस्ट पेनिट्रंट म्हणून जे स्प्रे मिळतात ते घ्यावेत. आमच्या शॉपवर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बऱ्याच पॉवर स्टीअरिंगमध्येही तेच असतं) आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं करून वापरायचे, चांगलं शिरतं, पण ते मिसळून राहत नाही, प्रत्येक वेळी हलवून टाकावं लागतं, रंग आणि प्लॅस्टिक खातं, आणि भडका उडायला एक ठिणगी पुरते. बंद पार्किंगमध्ये तर नकोच.

आता धायरीकर, तुम्हाला एक प्रश्न आणि त्याच्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे. नट अजिबात हलत नाही, की नट किंचित हलतो आणि त्याच्याबरोबर नळीपण पीळ खाते? नीट बघून सांगा. टॉर्चचा उजेड पाडा नळीवर आणि नटापासून बोटभर अंतरावर खडूने एक रेघ मारा, मग जोर लावा. रेघ फिरली का बघा.

हे यासाठी विचारतोय की फ्लेअर नट दोन ठिकाणी जाम होतो. एक, आट्यात. दोन, नटाच्या आतून जी नळी जाते तिच्यावर. नट हा नळीवर मोकळा फिरायला हवा असतो, पण नटाच्या मागच्या तोंडातून पाणी-चिखल आत जातो, तिथं बसतो, आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला की नट आणि नळी एकजीव होतात. लोक सगळा स्प्रे आट्याच्या बाजूला मारतात आणि मागची बाजू कोरडी राहते. तिथं मारायला हवं आधी.

धायरीकर_८४
काका बरोबर पकडलंत. रेघ मारून बघितली, नट अगदी केसभर हलतोय पण रेघ पण बरोबर फिरतेय. म्हणजे दुसऱ्या प्रकारचा झाला ना?

भोसरीचे_काका
हो. म्हणजे आटे बहुतेक ठीक आहेत, किंवा निदान सुटायच्या बेतात आहेत. नळी धरून बसलीये. आता असाच जोर लावत राहिलात तर नळी पिळून बंद होईल किंवा तुटेल.

तन्वी_हडपसर
मध्येच घुसते. पहिलं म्हणजे तो फिक्स पाना आता लांब ठेवा. फिक्स पाना नटाच्या सहा बाजूंपैकी फक्त दोन धरतो, तोंड जरा ढिलं असलं की सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे जातात. रिंग पाना चांगला धरतो पण पाइप जोडलेला असताना तो नटावर चढवणार कुठून? त्यासाठी फ्लेअर नटचा पाना असतो, दिसायला रिंग पान्यासारखाच पण एका बाजूला पाइप जाईल एवढी खाच कापलेली. पाच कोपरे धरतो. दुकानात "फ्लेअर नट पाना" म्हणून मागितलं तर काही जण बघत राहतात, "ब्रेक पाइपचा पाना" म्हणा, लगेच काढून देतात. मी रविवार पेठेत बोहरी आळीतून घेतला होता. जुन्या बाजारातही मिळतात, रविवारी आणि बुधवारी, पण तिथं घेताना तोंड पसरलेलं तर नाही ना हे एखादा चांगला नट बरोबर नेऊन घालून बघा. पसरलेला ब्रेक पाइपचा पाना हा फिक्स पान्यापेक्षा बेकार.

वारज्याचा_विन्या
तन्वीताई, जुन्या बाजारात आपलाच चोरीला गेलेला पाना परत विकत मिळतो असं म्हणतात

तन्वी_हडपसर
मग तर मापाची खात्रीच की :)

गॅसवाला_नऱ्हे
एवढं काय चाललंय. वेल्डिंगवाल्याला बोलवा, गॅस मारा, नट लाल करा, पाना लावा, सुटला. आम्ही ट्रकचं सगळं असंच काढतो, ट्रकवाल्याला रात्रभर स्प्रे मारून वाट बघायला वेळ नसतो.

भोसरीचे_काका
भाऊ, ट्रकच्या चेसिसचा बोल्ट आणि हा नट यात फरक आहे. ट्रकच्या बोल्टाच्या मागे काय असतं? लोखंड. या नटाच्या मागे काय आहे? स्टीअरिंगचा व्हॉल्व्ह, त्यात सील आणि ओ-रिंग. साध्या नायट्राइल रबरची ओ-रिंग १००-१२० डिग्रीच्या पुढं कडक व्हायला लागते. नट लाल व्हायला किती डिग्री लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. नट सुटेल, पाइप बदलून होईल, आणि महिन्याभरात रॅक गळायला लागेल. मग त्या गॅरेजवाल्याचंच खरं होईल, रॅक बदला.

दुसरं म्हणजे पाइपमध्ये तेल आहे. एटीएफ पेट्रोलसारखं लगेच पेट घेत नाही, पण तापलेल्या नळीतून त्याची वाफ बाहेर आली आणि समोर ज्योत असली की पेटतं. आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वर लोकांचे फ्लॅट.

गॅसवाला_नऱ्हे
काका मान्य, पण मग गरम करायचंच नाही का? गरम केल्याशिवाय जुना नट सुटत नाही हे मी माझ्या डोळ्यांनी बघतोय रोज.

भोसरीचे_काका
असं कुठं म्हटलं. गरम करायचं पण कुठं आणि किती ते बघून. बऱ्याच कारच्या रॅकचं हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि नट स्टीलचा. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. म्हणजे नट तापवायचाच नाही, नटाभोवतीचं हाउसिंग थोडंसं कोमट-गरम करायचं, लोणच्याच्या बरणीचं झाकण गरम पाण्याखाली धरतो तसंच. त्याला हॉट एअर गन पुरते, तीसुद्धा लांबून आणि थोडा वेळ. बोट लावल्यावर चटका बसतो पण पाण्याचा थेंब टाकला तर चुर्र होऊन उडत नाही इथपर्यंत. शेजारी डिझेलची नळी, स्टीअरिंगच्या रॅकचं रबरी बूट, वायरिंग असेल तर ओल्या फडक्याने झाका. आणि आधी पाइप रिकामा करा. आणि एअर गन लावायच्या आधी स्प्रे केला असेल तर तो पूर्ण पुसून, वाळवून मगच. स्प्रे आणि उष्णता एका वेळी नको.

पण हे सगळं आट्यात जाम असेल तर. धायरीकरांचा नट नळीला धरून बसलाय, तिथं गरम करून तुलनेनं कमी फायदा.

कोकणवारी
सहज कुतूहल म्हणून विचारतो, पुण्यात एवढा गंज कसा काय? आमच्याकडे रत्नागिरीला खारी हवा, तिथं समजू शकतो.

धायरीकर_८४
गाडी वर्षातून दोन-तीनदा दिवेआगर नाहीतर तारकर्ली करते. आणि हो, मागच्या मालकाने बीचवर पण घातली असावी, खालून कोपऱ्याकोपऱ्यात वाळू निघाली.

कोकणवारी
मग झालं की. बीचवर गाडी घालणाऱ्यांना काय बोलायचं, फोटो येतो दोन मिनिटांचा आणि मीठ बसतं कायमचं. यूट्यूबवर अमेरिकेतले जे व्हिडिओ असतात ना पूर्ण सडलेल्या पाइपांचे, ते तिथं थंडीत रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात म्हणून. आपल्याकडे ते काम समुद्र करतो. परत आल्यावर साध्या पाण्याने खालून धुवा, वॉशिंगवाल्याला सांगून, वरून फेस नको पण खालून पाणी मार म्हणायचं.

तन्वी_हडपसर
परत नटावर येऊया. धायरीकर, एक साधा प्रश्न. जुना पाइप तुम्हाला परत वापरायचाय का?

धायरीकर_८४
नाही. नवीन आणलाय म्हटलं ना.

तन्वी_हडपसर
मग तो वाचवताय कशाला? कापा.

हे मी चेष्टेत म्हणत नाहीये. इथं आणि सगळीकडे लोक फेकायच्या पाइपला जपत बसतात. पाइप टाकायचाच असेल तर नटाच्या मागे कापून टाकायचा की नटावर वरून गोटी चढवता येते, आणि गोटी चढली की मग फ्लेअर पाना, ग्रिप, पक्कड कशाचीच गरज नाही. नळी कापली की पिळायचा प्रश्नच संपला, नट आणि नळीचा तुकडा एकत्र फिरून बाहेर येतात. नळीचा फ्लेअर हा नटाच्या आतच असतो, तोही बरोबरच येतो.

फक्त तीन गोष्टी. गोटी सहाकोनी घ्या, बाराकोनी नको. सेटमध्ये बऱ्याचदा बाराकोनी असते, आत बघा. चांगली सहाकोनी गोटी कोपऱ्यावर नाही तर सपाटीवर धरते, त्यामुळे कोपरे गेलेल्या नटावर पण बसते. दुसरं, लांब गोटी असेल तर नळी अगदी नटाला टेकून कापायची गरज नाही, थोडी राहिली तरी गोटीच्या आत मावते. तिसरं आणि महत्त्वाचं, हॅकसॉने कापू नका.

वारज्याचा_विन्या
का? एक्सा ब्लेडने काय वाईट

तन्वी_हडपसर
बुरादा. ब्लेडने कापताना लोखंडाचा बुरादा निघतो, आणि कापून झाल्यावर समोर काय असतं तर रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये जाणारं उघडं भोक. त्यात चिमूटभर जरी गेला तरी पहिल्यांदा स्टीअरिंग फिरवल्यावर तो व्हॉल्व्हमध्ये फिरणार. त्यापेक्षा एसीवाल्यांकडे नळी कापायचा छोटा कटर असतो, चाकवाला, गोल फिरवत आवळत जायचं. तो तांब्याच्या नळीसाठी असतो पण ही पातळ स्टीलची नळी सावकाश कापतो. त्यात बुरादा नाही. जागा नसेल आणि हॅकसॉच वापरावा लागला तर आधी नटापासून लांब कापा, राहिलेल्या तुकड्यात ग्रीसचा बोळा भरा, मग नटाजवळ कापा, आणि नंतर तो बोळा बुराद्यासकट चिमट्याने काढा.

भोसरीचे_काका
तन्वीचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी हे आधीच लिहायला हवं होतं, गरम-थंडच्या वादात राहिलं. एक भर घालतो. पाइप रॅकच्या अंगात थेट न जाता मध्ये अ‍ॅडॉप्टर असेल तर अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या पान्याने धरूनच नट फिरवा, नाहीतर अ‍ॅडॉप्टरच सुटून येतो.

आणि खाली झोपून वर बघताना सुटायची दिशा उलटी वाटते. आटे उजवेच आहेत. नटाच्या मागून, म्हणजे जिकडून पाइप येतो तिकडून, बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. आधी जरा घट्ट करायच्या दिशेने ठोका द्या, मग सोडायच्या. गोटीच्या टॉमीवर (दांड्यावर) हातोडीचा छोटा छोटा झटका. एकदम अंग टाकून लोंबकळू नका. झटक्याने गंज फुटतो, लोंबकळण्याने माणूस पडतो.

धायरीकर_८४
खालच्या मजल्यावरच्या एसी दुरुस्तीवाल्या दादाकडून कटर आणला. त्याने पन्नास प्रश्न विचारले, मग स्वतःच खाली आला बघायला, आता दोघे खाली झोपलोय आणि चेअरमन वर उभे आहेत. अपडेट देतो.

कोकणवारी
चेअरमनना पण एक टॉर्च द्या धरायला.

धायरीकर_८४
सुटला!!

कटरला गोल फिरायला पूर्ण जागा नव्हती, अर्धा अर्धा फिरवून कापलं. १७ ची सहाकोनी गोटी जरा ढिली बसत होती कोपरे गेल्यामुळे, मग नटाची एक बाजू कानशीने किंचित साफ केली (भोकात ग्रीसचा बोळा घालून, तन्वीताई) आणि १६ ची हातोडीने ठोकून बसवली. घट्ट दिशेने एक ठोका, मग सोडायच्या दिशेने, आणि टक् असा आवाज. त्या आवाजाची जात वेगळी असते, तुटल्याचा आणि सुटल्याचा. मग हाताने निघाला. आटे एकदम स्वच्छ, चकचकीत. नटाच्या आत मात्र नळीभोवती लाल भुगा. काका म्हणाले तसंच.

१६ च्या गोटीतून आता तो नट निघत नाहीये ती गोष्ट वेगळी.

वारज्याचा_विन्या
गोटीत डब्ल्यूडी मार आणि रात्रभर सोड

भोसरीचे_काका
मागून लांब बोल्ट घालून हातोडीने ठोका, निघेल. अभिनंदन.

आता नवीन पाइप लावताना घाई नको. दोन्ही टोकं आधी हाताने दोन-चार आटे फिरवून घ्या, पाइपची क्लिप-ब्रॅकेट सगळी ढिली ठेवा, पाइप स्वतःच्या जागेवर सरळ बसू द्या, मग आवळा. एक टोक पूर्ण आवळून दुसरं ओढून बसवायला गेलात तर आटे तिरके पडतात, आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये तिरका आटा पडला की रॅक खरंच उतरवावा लागेल. बॅन्जो बोल्टचे दोन्ही वॉशर नवीन घाला. जुने वॉशर एकदा दाबले गेले की परत नीट सील करत नाहीत.

गॅसवाला_नऱ्हे
आणि टेफ्लॉन टेप गुंडाळा आट्यावर, गळणार नाही.

तन्वी_हडपसर
नाही!! प्लीज नको. फ्लेअर फिटिंगमध्ये सील आट्यावर होतच नाही, नळीच्या पसरट तोंडावर होतं. ओ-रिंगवाल्यात ओ-रिंगवर होतं. आटे फक्त दाबून धरतात. टेपचा तुकडा तुटून आत गेला तर व्हॉल्व्हमध्ये अडकतो. टेप नळाला ठीक आहे. इथं सीटवर (नळीचं तोंड जिथं टेकतं तिथं) आणि आट्यावर त्याच तेलाचं एक बोट फिरवा, बस. आणि गळतंय म्हणून आणखी आवळायचं नाही, आधी सोडून सीट बघायचं, खडा किंवा चरा असतो.

गॅसवाला_नऱ्हे
ओके, आम्ही टँकरच्या पाइपला वापरतो म्हणून म्हटलं.

पिंपरी_वल्लभ
धागा वाचतोय पहिल्यापासून, एक उपप्रश्न. माझ्या जुन्या सेडानचा हाच पाइप कंपनीकडे मिळत नाही, बंद झालाय. भोसरीत होज बनवून देतात तिथं करून घेतला तर चालेल का? जुनी टोकं कापून मधला रबरी भाग नवीन.

भोसरीचे_काका
चालतं, मी स्वतः असे बघितलेत वर्षानुवर्षं चाललेले. पण दुकानात जाऊन "हायड्रोलिकचा पाइप द्या" एवढंच म्हटलंत तर ते मशीनला लागतो तो आर-१ किंवा आर-२ होज लावून देतील. तो दाब आरामात सहन करतो, कारचा पंप फार तर ७० ते १०० बारपर्यंत जातो, मॉडेलनुसार थोडं कमीजास्त. अडचण दाबाची नाही. कारचा पॉवर स्टीअरिंग होज मुद्दाम थोडा फुगणारा बनवलेला असतो. व्हेन पंपातून (फिरत्या पात्यांच्या पंपातून) तेल सलग येत नाही, ठोके ठोके येतात, आणि तो होज ते ठोके पोटात घेतो. मशीनचा कडक होज ते घेत नाही, मग पार्किंगमध्ये स्टीअरिंग फिरवताना घुंग घुंग असा आवाज स्टीअरिंगपर्यंत येतो. कार्यक्षमता तीच, पण डोकं उठतं. म्हणून पॉवर स्टीअरिंग ग्रेडचा होज आहे का विचारा, एसएई जे १८८ असं छापलेलं असतं. लांबीही जुन्याएवढीच ठेवा, लहान करू नका. आणि क्रिम्प मशीनवर करून घ्या, वॉर्म क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) लावून कोणी देत असेल तर हात जोडून निघा.

आणि कापलेली जुनी टोकं स्वच्छ धुतलेली असतील याची खात्री करा, आत गंजाची पापडी असते.

पिंपरी_वल्लभ
आणि हार्डवेअरवाल्याकडची तांब्याची नळी आणि कम्प्रेशन फिटिंग? एकाने सुचवलंय.

भोसरीचे_काका
त्याला सुचवू द्या. तुम्ही करू नका. रिटर्नच्या बाजूला (तेल टाकीकडे परत जातं तिथं) दाब नगण्य असतो, तिथंसुद्धा मी तेल सहन करणारा होजच घालीन.

धायरीकर_८४
पाइप लागला. तेल भरलं, इंजिन चालू केलं, स्टीअरिंग फिरवलं, तर पंप कुईं करतोय आणि टाकीत गुलाबी फेस. एअर असणार ना?

तन्वी_हडपसर
एअर. इंजिन बंद करा लगेच, पंप कोरडा चालवू नका. थोडा वेळ तसंच राहू द्या, फेस बसू द्या, अर्धा-एक तास. मग पुढची चाकं हवेत असतानाच, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, वीसेक वेळा. दुसऱ्याने टाकीवर नजर ठेवायची, पातळी खाली गेली की भरायचं, टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. बुडबुडे थांबले की मग इंजिन चालू, आयडलवर, परत तसंच. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, पाच सेकंदांच्या वर नकोच, तिथं पंप पूर्ण दाबावर जातो आणि तेल तापतं.

आणि कुठं गळतंय का बघायचं तर इंजिन चालू असताना पाइपवर हात फिरवू नका. बारीक भोकातून त्या दाबाची धार कातडीतून आत जाते, साधा टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि थेट हॉस्पिटलचं काम होतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

धायरीकर_८४
ताई केलं तसं. फेस कमी झाला पण पूर्ण जात नाहीये, आणि कुईं पण आहे थोडं. प्रेशर पाइप कुठंच गळत नाहीये, पुठ्ठा कोरडा.

भोसरीचे_काका
प्रेशरच्या बाजूने हवा आत येत नाही, तिथून तेल बाहेर येतं. हवा आत येते ती सक्शनला, म्हणजे टाकीतून पंपाकडे जो जाड होज येतो तिथं. काम करताना तो हलवला होता का?

धायरीकर_८४
हो, पंपाकडे हात जायला जागा हवी म्हणून बाजूला केला होता.

भोसरीचे_काका
मग तिथली क्लिप बघा. बाहेरून तेल गळत नसेल तरी हवा ओढत असेल. होज कडक झाला असेल तर टोकाचा बोटभर भाग कापून परत बसवा, लांबी पुरत असेल तर. नाहीतर नवीन. टाकीची निपल प्लॅस्टिकची आहे, होज ओढून काढू नका, उभा चिरा, आणि चिरताना ब्लेड निपलला लागू देऊ नका.

धायरीकर_८४
काका तेच निघालं. होजला आतून चीर होती बरोबर क्लिपखाली. एटीएफ चालेल असा नवीन होज आणि नवी क्लिप लावली. आता आवाज नाही, फेस नाही, स्टीअरिंग एका बोटाने फिरतंय.

पिंपरी_वल्लभ
तेल कोणतं घातलंत? मी लाल एटीएफ आणून ठेवलंय.

तन्वी_हडपसर
गाडीचं मॅन्युअल किंवा टाकीचं झाकण वाचा आधी. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना डेक्सरॉन २ किंवा ३ एटीएफ लागतं. होंडा स्वतःचं वेगळं पीएसएफ (पॉवर स्टीअरिंग फ्लुइड) मागते, एटीएफ नको म्हणते. जुन्या स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये हिरवं हायड्रोलिक ऑइल असतं, त्यात लाल घातलं की सीलची वाट. रंग बघून टॉपअप करणारे मेकॅनिक असतात, पण रंग म्हणजे ग्रेड नव्हे, जुनं झालं की सगळंच काळं दिसतं.

आणि निघालेलं जुनं तेल गटारात ओतू नका कोणी. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात येतं. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांचं इंजिन ऑइल गोळा करणारा येतोच, त्यात जातं.

धायरीकर_८४
कॅन भरून ठेवलाय. पार्किंगमधल्या डागावर लाकडाचा भुसा टाकून घासलं, बऱ्यापैकी गेला, तरी ग्रुपवर नवीन फोटो आलाच, यावेळी भुशाचा.

सायबरसिटी_सचिन
मस्त धागा. माझ्या गाडीचं स्टीअरिंग पण जड झालंय, मी पण पाइप कापून बघू का? २०१९ ची हॅचबॅक आहे.

तन्वी_हडपसर
थांबा थांबा. बॉनेट उघडा, स्टीअरिंग ऑइलची टाकी दिसते का?

सायबरसिटी_सचिन
नाही. कूलंटची आहे, ब्रेक ऑइलची आहे, वायपरच्या पाण्याची आहे.

तन्वी_हडपसर
मग तुमचं इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आहे. त्यात मोटर असते, तेल नाही, पाइप नाही. जे कापाल ते एसीचं निघेल. टायरची हवा आणि बॅटरी तपासा, आणि डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागतोय का ते सांगा.

सायबरसिटी_सचिन
हवा २२ निघाली पुढच्या दोन्हीत.

वारज्याचा_विन्या
पंपावर जा भावा, पेट्रोलच्या